धारेवर राहिलेली काठी

२ मार्च १९८३, बुधवार

ही डायरी घागरीच्या व्यापाऱ्यानं दिवाळीला दिली होती. गल्ल्याखाली पडून होती. आज काढली, कारण मनात एक गोष्ट आली हाय अन् ती बायकोला, शिवगंगेला सांगायची हिंमत होऊन न्हाई राहिली.

कलेक्टर कचेरीत पुण्याकडचा एक कारकून बदलून आलाय. स्टोव्हची पिन घ्यायला दुकानात आला अन् सांगत बसला, की तिकडं माणसं शनिवार-रविवार पाठीला पिशवी बांधून डोंगराच्या धारेनं चालतात. वरच झोपतात. मी म्हणलं, पैसे मिळतात काय? म्हणाला, नाही, हौस. मी लई हसलो. आमच्याकडं डोंगर चढायचा तो शेळी हरवली तर. तो गेला अन् मला दिवसभर दुसरं काही सुचलं न्हाई.

आता लातूर जिल्हा झालं. लाल दिव्याच्या गाड्या फिरतात, कचेऱ्यांचे फलक लागले. जिल्ह्याच्या गावात राहायचं अन् बैलासारखं गादीवर बसून रवंथ करायचा, हे काय खरं न्हाई. डॉक्टरपण म्हणाले, भीमाशंकरशेठ, पोट सुटलं, चाला जरा. बालाघाटाची धार अहमदपूरकडून सुरू होते अन् आमच्या धारवाडीच्या डोक्यावरून कंधारकडं जाते. लहानपणी बघितलेली. माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला तर तोंडपाठ हाय.

पाऊस न्हाई झाला म्हणून यंदा घागरी अन् हंडे लई खपले. टँकर आला की माणसं भांडी घेऊन पळतात. लोकांची नरडी कोरडी अन् माझा धंदा ओला. हे दुसऱ्या कुणाला सांगायचं न्हाई.

६ मार्च, रविवार

धारवाडीला जाऊन आलो. तळ्यात चिखलसुद्धा उरला न्हाई, पोरं त्यात चेंडू खेळून राहिलीत. अण्णा ओट्यावर बसला होता. मल्लम्मावहिनी वारल्यापासून एकटाच असतो. दोघांना लेकरू न्हाई. मी किती वेळा म्हणलं, अण्णा, लातूरला चल. तो म्हणतो, तुझ्या घरी नळ येतो तवा पूजा करू की माझ्या पूजेच्या वेळेला नळ आणू?

अण्णाची पूजा म्हणजे एक प्रकरण हाय. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेतो, पाणी घालतो, भस्म लावतो अन् एकटक बघत बसतो. पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घेत न्हाई. जन्मात कधी घेतला न्हाई. बाबा सांगायचे, लिंग गेलं की अन्न गेलं. अण्णानं ते ऐकलं, मी कानाआड केलं. माझं लिंग चांदीच्या डबीत, लग्नात मिळालेलं, दुकानातल्या खुंटीला टांगलेलं असतं. उन्हाळ्यात गळ्याला रुततं.

धारेनं चालायचं म्हणलं तर अण्णा माझ्या पोटाकडं बघून म्हणाला, "तुला चालवायचं का उचलायचं, ते आधीच सांग."

"तू त्रेसष्टचा झालास. तुलाच उचलावं लागंल."

"बघू की."

मग म्हणाला, "बाबा गेल्यावर आपण दोघं कुठं मिळून गेलोच न्हाई, भीमा. चल. जाऊ."

११ मार्च, शुक्रवार

शिवगंगेला कळलं. "आभाळ भरून येऊन राहिलंय अन् तुमाला डोंगर सुचतो?" म्हणाली. मी म्हणलं, भरून आलं तर येऊ दे बापा, वर्ष झालं वाट बघून. तिनं भाकरी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी बांधली. मग खुंटीवरची डबी काढून माझ्या गळ्यात घातली. "डोंगरात जाताय. असू द्या." लेकरासारखी मान खाली घालून उभा राहिलो.

१२ मार्च, शनिवार. धारेवर, महादेवाच्या देवळात

उजेड हाय तवर लिहून घेतो. पाय माझे न्हाईत, परक्याचे हाईत.

सकाळी अण्णा पायथ्याशी हजर. खांद्यावर घोंगडं, हातात बाभळीची काठी, ती वहिनीच्या बापानं दिलेली. माझी नवी कॅनव्हासची पिशवी बघून म्हणाला, "दुकान उचलून आणलंस की रे." दुपारपर्यंत ती पिशवी त्याच्याच पाठीवर होती.

धार म्हणजे बैलाच्या पाठीच्या कण्यासारखी. एका अंगाला लातूर जिल्हा, दुसऱ्या अंगाला नांदेड. मी म्हणलं, अण्णा, आता तू परजिल्ह्यातला माणूस. तो म्हणाला, "मग मुतायला कुठल्या बाजूला बसायचं, विचार तुझ्या कलेक्टरला." वाऱ्यात उभं राहून दोघा म्हाताऱ्यांनी असं हसून घेतलं की पोटात कळ आली. खाली दोन्हीकडं रानं सारखीच करपलेली. पळस तेवढे फुललेले.

मुक्कामाच्या देवळाला छप्पर न्हाई, भिंती तीन. पाणी थोडंच उरलं. सांजेला अण्णा पूजेला बसला तवा मी कुरकुरलो. म्हणलं, "प्यायला पाणी न्हाई अन् तू दगडाला आंघोळ घालून राहिलास." अण्णा रागावला न्हाई. चार थेंब घातले, तेच तीर्थ घेतलं, मग बाटली माझ्याकडं दिली. "पी. मला पुरलं." मी प्यालो सगळं. आता वाईट वाटून राहिलंय.

जेवताना म्हणाला, "मल्लम्मा असती तर तिला आणलं असतं इथं." वहिनी जाऊन सात वर्षं झाली, पहिल्यांदा त्याच्या तोंडून तिचं नाव ऐकलं. मी म्हणलं, धपाटा घे अजून. वारं सुटलंय. नांदेडच्या अंगाला विजा चमकून राहिल्यात.

१३ मार्च, रविवार. धारवाडी

हौसेला मोल नसतं म्हणतात. आज कळलं, असतं.

सकाळी उठलो तर आभाळ जांभळं. मी म्हणलं, अण्णा, निघू. तो म्हणाला, पूजा होऊ दे. देवळापासून हाकेच्या अंतरावर एक पळस हाय, त्याच्याखाली जाऊन बसला. मी पिशवी भरली. तेवढ्यात वारं असं आलं की भिंतीचा दगड हलला. मग टपटप. मला वाटलं पाऊस. गारा होत्या, बापा! आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. हा तिथंच, डावा हात पुढं धरून, डोळे अर्धे मिटलेले, डोक्यावर गारा पडून राहिल्यात तरी हलेना. मी हाका मारल्या. मग डोक्यावर पिशवी धरून पळत गेलो, जो हात पुढं दिसला तो धरला अन् जोरात ओढला. "ऊठ! पुरे झाली पूजा! जीव जाईल!" तो उठेना. मी दोन्ही हातांनी ओढत ओढत भिंतीच्या आडोशाला आणला. घोंगडं डोक्यावर घेऊन बसलो. अण्णा सारखा बाहेर जायला बघायचा. मी त्याला धरून बसलो.

गारा थांबल्या तवा सगळी धार पांढरी. वर्षभर थेंब न्हाई अन् आज बर्फ. अण्णा लगेच पळसाखाली गेला अन् गुडघ्यावर बसून गारा चाचपायला लागला. वरून पाऊस सुरू. मी म्हणलं, "गारा वेचायला तू काय लहान हाईस?"

वर बघितलं त्यानं. कसं तरीच बघितलं. म्हणाला, "हाव. बघून राहिलो, किती मोठाल्या पडल्या."

मला राग आला. भिजून दात वाजत होते त्याचे, हात निळे पडले तरी उठेना. शेवटी मी ओरडलो, तू येतोस का मी जाऊ? "तू हो म्होरं," म्हणाला. बऱ्याच वेळानं उतारावर येऊन गाठलं मला. हातात काठी न्हाई.

"काठी कुठाय?"

"राहिली तिथं."

"आणू काय?"

"आता नको. अंधारून आलंय. तुझा पाय घसरंल."

खाली आलो तर धारवाडीत बाया घमेल्यात गारा भरून घेऊन राहिल्या होत्या, प्यायला. शेजारच्या साखराबाईनं पिठलं-भाकरी आणून दिली. अण्णा म्हणाला, पोट भरल्यासारखं हाय. त्याची भाकरी मीच खाल्ली. आता अंगात ताप हाय त्याच्या. उपरणं गळ्याशी गच्च धरून पडलाय.

१४ मार्च, सोमवार

पहिल्या गाडीनं त्याला लातूरला आणलं. चक्क आला. इतक्या वर्षांत आला न्हाई तो तापानं आला. शिवगंगेनं पेज केली. घेतली न्हाई. गोळीपण घेतली न्हाई. "उद्या बघू" म्हणतो. माझ्यावर रुसलाय असं वाटतं, वर ओरडलो म्हणून. रुसू दे. त्याच्यापायीच ओरडलो की न्हाई?

१५ मार्च, मंगळवार

शिवगंगा सैपाकघरातून हळूच म्हणाली, "मोठे भावजी पूजेला पाणी मागून न्हाई राहिले."

"तापात कशाची पूजा?"

"त्यांना मागं टायफॉइड झाला तवासुद्धा मागायचे. विचारा की तुमी."

"तूच विचार."

"मी कशी विचारू? थोरले हाईत."

मी विचारलं न्हाई. पूजेवरून आधीच एकदा तोंड वाजवलंय, परत कशाला.

दुपारी अण्णानं मला जवळ बोलावलं. "भीमा, एक काम कर. धारेवर जाऊन ये. काठी हाय माझी, पळसाखाली."

"काठी? काठीसाठी अहमदपूर अन् वर डोंगर?"

"जा की रे. तिथं गेल्यावर बस जरा. बघ इकडंतिकडं. गारा वितळल्या असतील आता."

ताप डोक्यात गेलाय त्याच्या. मी म्हणलं, बघतो. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी. गारांनी पत्रे फुटले, लोकांना घमेली पाहिजेत.

१६ मार्च, बुधवार

दवाखान्यात भरती केलं. छातीत कफ झालाय. डॉक्टर म्हणाले, यांनी पाणीसुद्धा घेतलेलं दिसत नाही. अण्णा हात जोडून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, सुईनं काय द्यायचं ते द्या. तोंडानं मला सांगू नका." सलाइन लावलं. एवढा हट्टी माणूस मी बघितला न्हाई. मी चमचाभर पाणी ओठाला लावलं तर त्यानं ओठ गच्च मिटले अन् डोळ्यांतून पाणी काढलं. म्हणलं, अण्णा, माझ्यावरचा राग पाण्यावर कशाला काढतोस? मान हलवली नुसती.

अंग पुसायला वॉर्डबॉय आला तर उपरणं सोडलं न्हाई.

१७ मार्च, गुरुवार

आज सकाळी परत, "गेलतास काय धारेवर?"

मला एक युक्ती सुचली. गंजगोलाईच्या बाजारात गेलो अन् काठी घेतली. वेताची, पॉलिश केलेली, खाली लोखंडी टोपण, मूठ सापाच्या फण्यासारखी. कलेक्टरला शोभंल अशी. दवाखान्यात नेऊन त्याच्या हातात दिली. म्हणलं, घे, आता तरी जेव.

अण्णानं तिच्यावरून हात फिरवला. खालपासून वरपर्यंत. "चांगली हाय," म्हणाला. मग भिंतीकडं तोंड केलं.

घरी येऊन शिवगंगेला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांनी काठी मागितली का तुमाला धारेवर जायला सांगितलं?" बायकांना फाटे फोडायची सवय असते. पण ती रडून राहिली होती. रविवारी दुकान बंद असतं, रविवारी जाऊन आणतो ती काठी. एवढं काय हाय त्यात?

१८ मार्च, शुक्रवार

श्वास वाजतो. दुपारी शुद्धीवर होता. माझा हात धरला, त्याच डाव्या हातानं. मनगटावर माझ्या बोटांचे वळ अजून काळेनिळे हाईत, रविवारी ओढलं त्याचे. मी ते चोळत बसलो.

म्हणाला, "वारंच तसं होतं. तुझं काय चुकलं न्हाई, भीमा."

मी म्हणलं, चुकलं कसं न्हाई, डोंगराची हौस मलाच आलती.

"तसं न्हाई. मी सांगतो ते ध्यानात ठेव. तुझं काय चुकलं न्हाई. पुढं कुणी काय म्हणलं तरी."

कोण काय म्हणणार? बरा होऊ दे, त्याला विचारतो.

१९ मार्च, शनिवार

अण्णा गेला. सकाळी. मी चहा प्यायला खाली उतरलो होतो.

२० मार्च, रविवार. धारवाडी

लिहायला हात उचलत न्हाई, पण न लिहून कुठं जाऊ?

वहिनीच्या शेजारी, आमच्या रानात खड्डा घेतला. अण्णाला बसवून आणलं, आमच्यात बसवूनच नेतात. भस्म लावलं. रुद्रय्या स्वामी खड्ड्यात उतरले. म्हणाले, "मन्मथअण्णाचं लिंग द्या डाव्या हातात." त्यांनीच उपरणं सोडलं. गळ्यात शिवदोरा होता. दोऱ्याला कापडाची घडी होती. घडी रिकामी होती.

सगळा गाव खड्ड्याच्या काठावर उभा. स्वामींनी माझ्याकडं बघितलं. "कधी गेलं?"

अन् मला पळस दिसला. पुढं धरलेला डावा हात दिसला. तो हात मी धरला होता. दोन्ही हातांनी.

गारा वेचून न्हाई राहिला, माय माझी. गारा न्हाई वेचत होता तो.

मी खाली बसलो. स्वामी म्हणाले, "मला एक शब्द सांगायचा होता त्यांनी! दुसरं दिलं असतं. कसं गेलं तेवढं सांगायचं, अन् नवं घ्यायचं. एवढ्यासाठी जीव देतात काय?" कसं गेलं तेवढं सांगायचं. तेवढंच त्याला सांगायचं नव्हतं. स्वामींना न्हाई, शिवगंगेला न्हाई, मला तर मुळीच न्हाई. उपाशी मेला माझा भाऊ, पण माझं नाव घेतलं न्हाई त्यानं.

मी गळ्यातली डबी तोडली. तशीच होती, शिवगंगेनं घातलेली. लिंग काढून अण्णाच्या हातावर ठेवलं अन् त्याची बोटं मिटवली. कुणीतरी मागून म्हणालं, "असं चालत न्हाई, ज्याचं त्याचं असतं." मी म्हणलं, ज्याला चालत नसंल त्यानं घरी जावं. स्वामींनी मंत्र म्हणले अन् माती लोटली.

परत येताना माणसं म्हणून राहिली होती, अण्णा लिंगैक्य झाले. कशाशी ऐक्य, बापा? लग्नात मिळालेल्या, खुंटीला टांगलेल्या माझ्या लिंगाशी?

साखराबाईनं ताट वाढलं. मी देवधर्म न मानणारा माणूस, रिकाम्या गळ्यानं वडे खाणारा. आज घास तोंडात फिरतो, खाली उतरत न्हाई.

२२ मार्च, मंगळवार

शिवगंगा नको म्हणत होती. दोन दिवस पोटात काय न्हाई, चक्कर येईल म्हणाली. एकटाच धारवाडीच्या अंगानं चढलो. पिशवी न्हाई, काय न्हाई.

काठी लांबूनच दिसली. माझ्या मनात होतं, पडलेली असंल. पडलेली नव्हती. उभी होती. हातभर जमिनीत रोवलेली, बुडाशी चारीकडून दगड रचून घट्ट केलेली, वाऱ्यानं पडू नये म्हणून. निळ्या पडलेल्या हातांनी हे दगड त्यानं कसे उचलले असतील? मी उतारावर उभा राहून त्याला शिव्या घालून राहिलो होतो तवा.

काठी राहिली नव्हती. खूण करून ठेवली होती. मी त्याच्या हातात पॉलिशची काठी दिली अन् म्हणलं, आता जेव.

तिथंच बसलो, त्यानं सांगितलं होतं तसा. इकडंतिकडं बघितलं. गारांचा चिखल वाळून भेगा पडल्या होत्या. नखांनी उकरत गेलो. पळसाची फुलं कुजून मातीत मिसळलेली. ऊन डोक्यावर आलं. काठीपासून वीतभर अंतरावर, मुळीच्या बेचक्यात, काळं काहीतरी दिसलं. लहान लिंबाएवढं. मला वाटलं खडा हाय. पुसलं.

वीतभर अंतरावर. गेल्या मंगळवारी आलो असतो तर मंगळवारीच मिळालं असतं. बुधवारी आलो असतो तरी तो वाचला असता. गुरुवारी मी गंजगोलाईत काठीची मूठ पारखून राहिलो होतो.

मी ते मुठीत धरून इतका मोठ्यानं रडलो की खालच्या रानातल्या गुराख्यानं हाक मारली, "कोण हाय वर? काय हरवलं काय?"

मी म्हणलं, "न्हाई. सापडलं."

२४ मार्च, गुरुवार

काल रुद्रय्या स्वामींकडं गेलो. म्हणलं, समाधी उकरून हे त्याच्या हातात द्या अन् माझं मला परत द्या. ते म्हणाले, "मिटलेली माती उघडत न्हाईत, भीमाशंकर." मग म्हणलं, हे काय करू? त्यांनी लिंग हातात घेतलं. म्हणाले, "शास्त्रानं पाण्यात सोडायचं. पण यंदा तळ्यात पाणी कुठाय?" मग त्यांनी मला आंघोळ करून यायला सांगितलं, लिंगावर नव्यानं संस्कार केले अन् अण्णाच्याच शिवदोऱ्यात बांधून माझ्या गळ्यात घातलं. "तुमचं त्यांच्यापाशी, त्यांचं तुमच्यापाशी. वर विचारलं तर माझं नाव सांगा."

आज सकाळी नळ आला न्हाई. शिवगंगेनं तांब्यात कालचं उरलेलं पाणी दिलं. मी डाव्या हातावर घेऊन बसलो. मला मंत्र येत न्हाईत, चार थेंब घातले, भस्म लावलं अन् बघत बसलो. चिखलाची एक बारीक रेघ राहून गेली होती, ती निघेना. मी काढलीपण न्हाई.

आतून शिवगंगा म्हणाली, "चहा गार होऊन राहिलाय."

मी म्हणलं, थांब जरा. ती थांबली. कुणी हात धरून ओढलं न्हाई, कुणी पुरे म्हणलं न्हाई. पूजा पुरी झाली तवा चहावर साय आली होती. तसाच प्यालो अन् दुकान उघडायला गेलो.